‘एडिटर’ कोणता वापरता? एका जुन्या सीडीची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या उन्हाळ्यात संग्रामपूर तालुक्यातली एक मुलगी आमच्या खामगावच्या ऑफिसात आली. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव-गाव सांगत नाही, तिनेच तशी विनंती केली आहे. तिला २००६ च्या पावसाळ्यातला आमच्या साप्ताहिकाचा एक अंक हवा होता. त्यात तिच्या वडिलांची बातमी होती. ती तेव्हा आठ महिन्यांची होती. २००६ म्हटल्यावर आपल्या भागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

अंकांच्या फायली काढल्या तर वाळवीने त्या वर्षाचा गठ्ठा आतून पोखरलेला. वरून पान शाबूत, उचललं की भुगा. मग कपाटाच्या तळाशी पाच सीड्या सापडल्या. सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर आता कुणाकडे असतो? शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडचा जुना डबा चालू केला. पाचातल्या तीन वाचल्या गेल्या. बातम्या टाइप करून ठेवलेल्या टेक्स्ट फाइली दिसल्या, जीव भांड्यात पडला. उघडल्या, तर आत मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस, वर टिंब दिलेले युरोपी ए आणि ओ, असा सगळा काला.

पोरगी शांतपणे म्हणाली, “काका, हे नोटपॅडमधी नोका पाहू. चांगल्या एडिटरमधी उघडू. तुमच्यापाशी कोनता हाये?”

मी म्हणालो, “बाई, आमचा एडिटर तर २०११ मध्येच नोकरी सोडून गेला.”

हसली बिचारी. तिला कोड एडिटर म्हणायचं होतं. आमच्या धंद्यात एडिटर म्हणजे संपादक. कधी पगार थकवणारा, कधी पगार थकलेला. तिच्या धंद्यात एडिटर म्हणजे ज्यात वेबसाइटचा कोड लिहितात तो प्रोग्राम. पत्रकारितेच्या डिप्लोमात हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतरचे तीन महिने दर रविवारी आम्ही दोघं त्या फाइलींशी झुंजलो आणि त्या निमित्ताने मला हा इतिहास कळत गेला.

आधी त्या काल्याबद्दल. नव्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो.

खिळ्यांच्या छापखान्यात मराठी जुळवायला इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागत. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार. जावजी दादाजींच्या मुंबईच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळा इतका देखणा केला की त्याचं नाव आजही निघतं. पण खिळा देखणा असला तरी जुळाऱ्याची मेहनत तीच. मग कॉम्प्युटर आला आणि तोही इंग्रजीच शिकून आलेला. एका अक्षराला एक आकडा, आणि जागा सगळ्या मिळून २५६. त्यातल्या पहिल्या निम्म्या इंग्रजीने आधीच धरलेल्या.

सरकारी पातळीवर यावर चांगलं काम झालं होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाचं भारतीय मानक ठरलं. त्यात क म्हणजे क हा संकेत पक्का होता. पण छपाईच्या बाजाराला मानक नको होतं, उद्या सकाळी अंक हवा होता. पेजमेकरला फक्त इंग्रजी समजत होतं. म्हणून आपल्याकडच्या हुशार लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी छापतोय, कागदावर उमटतं मराठी. श्रीलिपी, आकृती वगैरे मंडळींनी त्या काळात महाराष्ट्रातली शेकडो वर्तमानपत्रं उभी केली ती या युक्तीवर. तिला नावं ठेवायचं कारण नाही. दुसरा मार्ग नव्हता.

फक्त एक झालं. चित्र फॉन्टमध्ये राहिलं आणि फाइलीत राहिला इंग्रजी काला. फॉन्ट गेला की मराठी गेली. शिवाय प्रत्येक कंपनीने अक्षरं आपापल्या मर्जीने बसवलेली, म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. त्या दिवसांत मराठी दैनिकांच्या वेबसाइटवर “आधी आमचा फॉन्ट डाउनलोड करा” अशी पाटी असे, आठवतं का? त्याचं कारण हेच.

आता एडिटरकडे येतो.

साल १९६९. अमेरिकेत बेल लॅब्ज नावाच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन नावाचा माणूस युनिक्स लिहीत होता. त्याने मजकूर दुरुस्त करायला एक प्रोग्राम केला, नाव ‘एड’. त्यात पडद्यावर पान दिसत नसे. तेव्हा पडदाच नव्हता, टाइपरायटरसारखं यंत्र होतं. ओळीचा नंबर सांगायचा, हुकूम द्यायचा, यंत्र कागदावर उत्तर छापणार. पण त्या एडमध्ये एक चीज होती, नमुन्याने शोधणं. म्हणजे ‘अमुक शब्द शोध’ एवढंच नाही, तर ‘ज्याच्या आधी हे आणि नंतर ते आहे असं काहीही शोध आणि त्यांची अदलाबदल कर’. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, पोरं लाडाने ‘रेजेक्स’ म्हणतात. युनिक्सवाल्यांची प्रसिद्ध ‘ग्रेप’ ही कमांडसुद्धा एडमधल्याच एका हुकमाच्या अक्षरांवरून नाव घेऊन आली. या नमुन्याने शोधण्यावरच आमचं पुढे सगळं निभावलं, म्हणून थॉम्प्सनचं नाव लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

१९७६ मध्ये बर्कलीच्या बिल जॉयने ‘व्हीआय’ केला. आता पडदा होता आणि पानभर मजकूर दिसायचा. त्याच वर्षी एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि त्याच्या सोबत्यांकडून ‘ईमॅक्स’ आला. या दोघांच्या भक्तांचं भांडण जवळपास पन्नास वर्षं चालू आहे. आपल्याकडे एका गल्लीत दोन गणेश मंडळं असली की जे होतं ते. नेदरलंड्सच्या ब्राम मोलेनारने १९९१ मध्ये व्हीआयची सुधारलेली आवृत्ती ‘व्हिम’ लोकांना फुकट दिली. अट नाही, विनंती केली: आवडला तर युगांडातल्या अनाथ मुलांसाठी पैसे पाठवा. हा माणूस ३ ऑगस्ट २०२३ ला वारला. मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात, याची कुणी सांगत नाही म्हणून चार ओळी जास्त लिहिल्या.

मधला काळ मी उडवतो. इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्या मित्रांना टर्बो सीची निळी स्क्रीन आठवेल. वेबसाइटसाठी फ्रंटपेज आणि १९९७ चा ड्रीमवीव्हर आला. माउसने ओढून पान बनवायचं, आतला कोड तोच लिहिणार. आमच्या साप्ताहिकाची पहिली वेबसाइट एका मुलाने अशीच ओढून-ताणून बनवली होती. तो पुण्याला गेला, पासवर्डही गेला, साइटही गेली. दोष त्याचा एकट्याचा नाही. आतलं काय आहे हे आमच्यातल्या कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं.

मला खरा भावला तो नोटपॅड प्लस प्लस. पॅरिसमध्ये नोकरी करणाऱ्या डॉन हो नावाच्या प्रोग्रामरला कामाच्या ठिकाणचा एडिटर फार संथ वाटला, म्हणून त्याने नोव्हेंबर २००३ मध्ये स्वतःचा काढला. फुकट, आणि आकाराने एवढुसा. हा माणूस आपल्या आवृत्त्यांना राजकीय नावं देतो. २०१५ ला पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकावर हल्ला झाला तेव्हा एक आवृत्ती त्या पत्रकारांच्या नावाने काढली. २०१९ मध्ये उइघुरांच्या नावाने काढली तर त्याच्या वेबसाइटवर हल्ला झाला. साधं टाइप करायचं सॉफ्टवेअर आणि त्यात अग्रलेख! संपादक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

यानंतरची गोष्ट वर्तमानपत्रवाल्यांना ओळखीची वाटेल. २०१४ मध्ये गिटहब कंपनीने ‘अ‍ॅटम’ नावाचा एडिटर आणला. तो ज्या पायावर उभा होता, त्याला पुढे ‘इलेक्ट्रॉन’ म्हणू लागले. आतून तो एक ब्राउझरच. मायक्रोसॉफ्टने २९ एप्रिल २०१५ ला व्हीएस कोड जाहीर केला, तोही याच पायावर. मग २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहबच विकत घेतली. आणि १५ डिसेंबर २०२२ ला अ‍ॅटम बंद. पाया ज्याच्यासाठी बांधला तो गेला, त्यावर दुसऱ्याने बांधलेला वाडा उभा आहे. अडोबीच्या ‘ब्रॅकेट्स’ला तर कंपनीने आधीच, २०२१ मध्ये, हात जोडले होते. मोठा पेपर तालुक्याचं साप्ताहिक विकत घेतो आणि दोन-चार वर्षांनी ‘वाचकांच्या सोयीसाठी विलीनीकरण’ करतो, तेच हे.

आज परिस्थिती अशी की स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत ७० टक्क्यांहून जास्त प्रोग्रामर व्हीएस कोड वापरतो म्हणाले. चांगला आहे, फुकट आहे. पण त्यात एक बारीक मेख आहे. त्याचा मूळ कोड खुला आहे, डाउनलोड होऊन येतो त्या तयार पॅकेटचा परवाना मात्र मायक्रोसॉफ्टचा वेगळा, आणि तुमच्या वापराची काही माहिती ते गोळा करतं. ती सेटिंगमधून बंद करता येते. कुणाला तेही नको असेल तर त्याच खुल्या कोडवरून काही लोक ‘व्हीएसकोडियम’ बनवून देतात. आता कोड लिहून देणारे एआयवाले एडिटर आलेत, त्यातलेही बरेच व्हीएस कोडचीच पिल्लं आहेत.

परत आमच्या सीडीकडे.

पोरीचा लॅपटॉप सेकंडहँड, चार जीबी रॅमचा. ज्या खाजगी क्लासला ती जाते तिथे एका महागड्या सॉफ्टवेअरचं ‘क्रॅक’ पेनड्राइव्हमधून वाटलेलं. ते टाकल्यापासून लॅपटॉप दर दहा मिनिटाला जुगाराच्या जाहिराती दाखवत होता. पहिला रविवार ते काढण्यात गेला. मग व्हीएस कोड टाकला. मराठी उत्तम दिसते, कारण आत ब्राउझर आहे आणि ब्राउझरला जोडाक्षरं कशी मांडायची ते कळतं. पण सोबत क्रोम उघडलं की लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. व्हिम पाहिला. त्या काळ्या खिडकीत आपल्या वेलांट्या अक्षरापासून सुटून बाजूला पडत होत्या. शेवटी फाइली दुरुस्त करायला नोटपॅड प्लस प्लस ठेवला आणि तिच्या कॉलेजच्या वेबसाइट प्रोजेक्टला व्हीएस कोड. आम्ही निवडला तो असा. ज्यांना लॅपटॉपही नाही ती पोरं मोबाइलवर ‘अकोड’सारख्या अ‍ॅपमध्ये एचटीएमएल शिकताना मी पाहिली आहेत. चालतं.

नेटवर जुन्या फॉन्टची मराठी बदलून देणारे तयार कन्व्हर्टर मिळतात, पण आमच्या फॉन्टची जात त्यात बसेना. म्हणून एकेका चिन्हापुढे ‘हे म्हणजे क’, ‘हे म्हणजे अर्धा त’ अशी वही मांडली. दीडशेच्या वर नोंदी झाल्या. वाळवीतून वाचलेली काही पानं समोर धरून एकेक ओळ ताडून पाहिली. मग ‘फाइंड-रिप्लेस’ चालवलं आणि पडद्यावर मराठी उमटली. उमटली, पण बोबडी!

कारण सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. रफाराचं उलट. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर डोक्यावर चढवायचा, युनिकोडमध्ये र् आधी यायला हवा. आता ‘विदर्भ’ हा शब्द बघा. वेलांटीही आहे, रफारही आहे. दोन्हीकडून मोडलेला. ‘कर्ज’ मोडलेला. ‘कर्जमाफी’ मोडलेली. आणि ‘शेतकऱ्यांची’ तर सर्वात वाईट. त्यातला तो ऱ्या, म्हणजे र आडवा होऊन य ला चिकटतो तो. साधा र् आणि य जोडला की होतं ‘शेतकर्यांची’. इंटरनेटवर असं ‘शेतकर्यांची’ लिहिलेलं हजारो ठिकाणी दिसेल, काही ठिकाणी तर सरकारी कागदातही. तो लिहिणाऱ्याचा अडाणीपणा असेलच असं नाही, अनेकदा कुठल्यातरी कन्व्हर्टरने केलेली चूक असते. युनिकोडमध्ये या मराठी र साठी ‘ऱ’ असा वेगळा संकेतच आहे. पण जुन्या टायपिंगच्या पद्धतींत तो कधी कधी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा लिहिला जातो. डोळ्याला दोन्ही सारखे, शोध घेतला की एक सापडतो, दुसरा निसटतो.

म्हणजे गंमत बघा, खरं तर गंमत नाही. जून २००६ च्या शेवटी तत्कालीन पंतप्रधान विदर्भात आले आणि १ जुलैला अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात आमच्या प्रत्येक अंकात जे शब्द सर्वात जास्त छापले गेले, विदर्भ, कर्ज, शेतकऱ्यांची, नेमके तेच शब्द त्या फाइलींत सर्वात जास्त तुटलेले होते. कुणी ‘शेतकऱ्यांची आत्महत्या’ असं शोधलं असतं तर एकही बातमी सापडली नसती. बातम्या होत्या, तरी नव्हत्या.

इथे थॉम्प्सनचा रेजेक्स कामाला आला. “वेलांटी, तिच्यानंतर कितीही अर्धी अक्षरं, मग एक पूर्ण व्यंजन, असा नमुना दिसला की वेलांटी उचलून शेवटी ठेव.” ही एक ओळ पोरीने लिहिली, तिला चौथ्या प्रयत्नात जमली. तोवर ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होत होती. रफारासाठी दुसरी ओळ, ऱ्यासाठी तिसरी. एका सीडीवरच्या सगळ्या फाइली मिनिटभरात सरळ झाल्या.

आणि सेव्ह करताना तिने खाली कोपऱ्यात बोट दाखवलं: “काका, यूटीएफ-८ हाये ना ते पाहा.” ते नसेल तर केलेलं पाण्यात. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये नेहमीच्या पद्धतीने मराठी सेव्ह केली तर नुसती प्रश्नचिन्हं उरायची. नोटपॅडने स्वतःहून यूटीएफ-८ ला पहिली पसंती दिली ती २०१९ पासून. आणि हे यूटीएफ-८ म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या एकाच फाइलीत ठेवायची पद्धत, ती कुणी काढली? सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर, रॉब पाइक सोबत असताना, केन थॉम्प्सनने. तोच, एडवाला. हे वाचलं तेव्हा मी पोरीला म्हटलं, या माणसाला एकदा खामगावला बोलावून चांदी बाजारातली एखादी मूर्ती भेट द्यायला पाहिजे.

दुसरं नाव आपलंच. विंडोज २००० पासून मराठी ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये दिसू लागली तो र. कृ. जोशींनी काढला. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारा माणूस, २००८ मध्ये गेला. आपण रोज त्यांचं अक्षर पाहत होतो, नाव किती जणांना माहीत होतं?

बातमी दुसऱ्या सीडीवर सापडली. आतल्या पानावर, चार ओळी. माझ्याच हातची, मी तेव्हा पंचविशीत होतो. वय, गाव, किती एकर कोरडवाहू, सोसायटीचं कर्ज किती. आणि नाव. नाव चुकलं होतं. तिच्या वडिलांचं नाव एका अक्षराने वेगळं छापलेलं. फोनवर ऐकून लिहिलं असणार, खात्री करायला गेलो नसणार. त्या आठवड्यात अशा आणखी तीन बातम्या होत्या.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली. मग म्हणाली, “काका, रिप्लेस करू? एका सेकंदाचं काम हाये.”

मी नाही म्हणालो. जे छापलं ते छापलं, जुन्या अंकात आज हात घालायचा नाही. त्याखाली आजची तारीख टाकून दुरुस्ती लिहायची. खरं नाव, आणि चूक कुणाची तेही. ती म्हणाली, मग ते तुमीच लिहा. लिहिलं. इन्स्क्रिप्टवर मी सावकाश टाइप करतो, तिने घाई केली नाही.

अजून दोन सीड्या वाचल्या जात नाहीत. २००७ चे बरेच अंक त्यांच्यात आहेत. खामगाव, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद भागात कुणाकडे आमच्या साप्ताहिकाचे त्या वर्षीचे कागदी अंक असतील, रद्दीत असतील, देव्हाऱ्याखाली अंथरलेले असतील, तर इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः येऊन फोटो काढून नेतो, अंक तुमच्यापाशीच राहील.